निंबाचा झोका

आखाजीला धुळ्याहून माहेरी, असोद्याला पोचले, तर अंगणातल्या निंबाला झोका नव्हता. जन्मात असं झालं नव्हतं. आखाजी म्हणजे आम्हा माहेरवाशिणींचा सण. आंब्याचा रस नंतर, आधी झोका.

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "तुले चक्कर येईन म्हनून नही बांधला व माय."

माझं डोकंच फिरलं. गेल्या वर्षी डाव्या कानाच्या आतली गाठ काढली. गाठ गेली, त्या कानाचं ऐकू येणं गेलं आणि तोलही गेला. तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून एका पायावर उभी राहते, अंगठ्यावर नजर रोखून मान डावीकडे-उजवीकडे फिरवते. रस्त्यानं भिंतीच्या कडेकडेनं चालते, तरी झोक जातोच. लोकांना वाटत असेल, बाई पिऊन आली. एवढं सगळं केलं ते काय नुसता रस खायला?

"आत्ताच्या आत्ता बांध," मी म्हटलं. त्यानं दोर आणून झोका बांधला.

लहानपणी थोरली अक्का मला झोका द्यायची. तिचं गाणं पाठीमागून यायचं, मी डोळे गच्च मिटून घ्यायची आणि पाय पार फांदीतल्या पाल्याला लागायचे. त्या दिवसांची फार आठवण येते.

आता डोळे मिटले की मी कोसळते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, नजर एका जागी ठेवा. नशिराबादहून आलेली अक्का सवयीनं मागे जाऊन उभी राहिली, तसं मी तिला म्हटलं, "मांगं नको, समोर उभी राह्य. मी तुह्याकडेच पाहीन."

साठी उलटलेली अक्का पदर खोचून समोर आली. मी पायानं जमीन ढकलली. वीतभर पुढे, वीतभर मागे. अंगण कलंडायला लागलं, पण तिच्या नाकातल्या चमकीवरून मी नजर काढली नाही. ती गायला लागली.

इतकी वर्षं मी तिचा नुसता आवाज ऐकला होता. झोका देताना ती कशी दिसते, ठाऊकच नव्हतं. झोका जवळ आला की गाता गाता तिचे दोन्ही हात मला झेलायला पुढे येत होते. माझ्या पाठीमागेही ते असेच येत असणार, दरवेळी.

मला रडू फुटलं. पण नजर काही मी हलवली नाही.