सारवलेली भुई

मरोद्याच्या त्या घराशी माझं उघड वैर होतं. लग्न होऊन भंडाऱ्याकडून आले तेव्हा भिलाईचा कारखाना अजून उभाच राहत होता. क्वार्टर मिळायला वेळ होता. नवरा तिथल्या कोक ओव्हन विभागात नोकरीला लागलेला, आणि आम्ही मरोदा गावात एका छत्तीसगढी शेतकऱ्याच्या घराची एक बाजू भाड्यानं घेऊन राहत होतो. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे परछी म्हणजे ओसरी. दार इतकं बुटकं की दिवसातून एकदा तरी माझं कपाळ चौकटीवर आपटायचं आणि ते बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करायचे. भुई सारवा, भिंतींना छुहीची पांढरी माती फासा, पावसाळ्यात गळकी कवेलू फिरवा. शेणानं बरबटलेले हात घेऊन मी नवऱ्याला विचारायचे, कारखाना जगाला लोखंड देणार, मला नळ कधी देणार?

घरात तिसरं माणूस म्हणजे मामंजी, माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. गावचं घर वाटणीत धाकट्या भावाकडे गेलं, भावाभावांत बोलणं उरलं नाही, आणि मामंजी एक ट्रंक घेऊन मुलाकडे आले ते कायमचेच. जन्मभर शेती केलेला माणूस, इथे करायला काही नाही. मग घरंच बघत बसायचे. बोळातून चालताना भिंतींवरून तळहात फिरवत जायचे, गोठ्यातल्या जनावरांवरून फिरवतात तसा. मला लाज वाटायची.

"हे भित पाह्य बाई, खाली जाड, वर बारीक. पानी अंगावर नाही घेत ते."

"भित राहू द्या मामंजी. तुमचा चहा थंडा होऊन राहिला."

"अन् हा बोळ असा वाकडा कावून हाय, सांग?"

"बांधनाऱ्याले सरळ येत नसन म्हनून."

ते खूप हसले. मग मला उन्हात उभं करून दाखवलं. बोळ वळायचा तिथे एका भिंतीची सावली संपायच्या आत समोरच्या भिंतीची सुरू व्हायची. पाण्याचा हंडा घेऊन येणारी बाई विहिरीपासून दारापर्यंत सावलीतून यायची. मीच रोज तशी येत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी मी म्हटलं, त्यापेक्षा नळ असता तर बरं झालं असतं. माझा स्वभावच असा, पटलं तरी कबूल करायचं नाही.

मग कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. मी देवापुढे साखर ठेवली. नळ, वीज, संडास, आणि गुळगुळीत सिमेंटची फरशी. आजही त्या क्वार्टरला मी नावं ठेवणार नाही. खिडकीवर छज्जा होता, स्वयंपाकघराच्या भिंतीत विटांची जाळी होती, तिच्यातून धूर निघून जायचा आणि सकाळी ताटांवर उन्हाची नक्षी पडायची. ज्यानं नकाशा काढला त्यानं वाऱ्याचा, उजेडाचा, सांडपाण्याचा, सगळ्याचा विचार केला होता. फक्त माणूस घरात मरतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं नसावं.

हे मला मामंजींनी सांगितलं. पहिल्याच उन्हाळ्यात, फरशीवर ओला पंचा टाकून बसले होते.

"बाई, मले सिमिटावर नोको मरू देऊ."

आमच्याकडे जीव जायच्या वेळी माणसाला खाटेवरून खाली घेतात, सारवलेल्या भुईवर. त्यांच्या आईला तसं घेतलं होतं, बायकोला तसं घेतलं होतं. मी म्हटलं, मागं अंगण आहे. ते म्हणाले, अंगणातही सिमेंटच आहे. मग म्हटलं, बाहेर मोकळी जमीन पडली आहे एवढी. तेव्हा ते चिडले.

"आभाळाखाली बेवारशी मरते. मले घर पाह्यजे. भुई पाह्यजे, अन् तिच्यावर कवेलू पाह्यजे."

त्यांनी आपली सोय आधीच लावून ठेवली होती. मरोद्याच्या घरमालकाला विचारलं होतं, वेळ आली की मला परछीत जागा देशील का. परक्याचं मरण आपल्या घरात कोण घेतो? पण तो माणूस म्हणाला होता, आ जाबे बबा, तुंहरेच घर ए. तेवढ्या एका होकारावर मामंजी सेक्टरमध्ये निवांत होते. संध्याकाळी सरळ रस्त्यांवरून फिरायला जायचे, एकसारख्या घरांकडे बघायचे आणि परत यायचे.

पुढच्या वर्षी त्यांची छाती भरू लागली. दवाखान्याचं औषध चालू होतं, पण जिना चढल्यासारखा दम त्यांना सपाट जमिनीवर लागायचा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी म्हणाले, मरोद्याले नेऊन आन. नवरा ड्यूटीवर होता. मी रिक्षा केली.

बोळ वळला, तिथे त्यांनी रिक्षा थांबवून भिंतीला हात लावला. पुढे गेलो तर घर नव्हतं. म्हणजे घर होतं, पण ते नव्हतं. घरमालकाला ठेकेदाराकडे काम मिळालं होतं, हातात पैसा आला होता, आणि पावसाळ्याआधी त्यानं सगळं पाडून विटांचं बांधलं होतं. दार उंच होतं. परछी नव्हतीच. तो धावत आला, मामंजींचे पाय धरले आणि हाताला धरून आत घेऊन गेला.

"देख बबा, सिरमिट के भुइयाँ! अब लिपे के झंझट नइ हे."

आता लिपायची कटकट नाही, म्हणाला. त्याची बायको शेजारी उभी राहून हसत होती. दोन वर्षांपूर्वी मी अशीच हसले होते, मग तिला काय बोलणार? मामंजी त्या चकचकीत जमिनीवर उभे होते. आपण शब्द दिला होता हे त्या भल्या माणसाला आठवतच होतं. तो म्हणाला, केव्हाही या, जागा तुमचीच. मामंजी म्हणाले, "बेस झालं, बेस बांधलं." आणि मला म्हणाले, चाल. रिक्षात मी रडत होते आणि ते पुढे बघत होते.

निघताना घरमालकिणीकडून मी टोपलीभर माती आणि शेण मागून घेतलं. तिला वाटलं कुंडीसाठी. घरी येऊन मधल्या खोलीतला कोपरा मोकळा केला, फरशीवर माती पसरली, पाणी मारलं, चोपण्यानं धोपटली, वर शेणाचा हात फिरवला. माहेरी कितीतरी वेळा केलेलं काम. पण खाली भुई असते तेव्हा ती पाणी ओढून घेते आणि वरच्या थराला धरून ठेवते. सिमेंट काही ओढत नव्हतं. माती आधी चिखल होऊन बसली, मग वाळली तेव्हा तडकली आणि तिच्या कडा पापडासारख्या वर आल्या. मी पुन्हा केलं, भुसा घालून केलं, पातळ केलं, जाड केलं. नवरा ड्यूटीवरून येऊन माती कालवून द्यायचा. मामंजी खाटेवरून बघायचे. मग खाली वाकून अंगठ्यानं दाबायचे आणि खपली हातात यायची.

"धरत नाही," म्हणायचे. माझ्यावर रागावून नव्हे, नुसतं.

शेवटी एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून त्या कोपऱ्यात ठेवलं. अंगाखाली माती करकरली आणि फुटली. ते एका कुशीला वळले, हात फरशीवर आला, आणि तळहात तिच्यावरून फिरू लागला. भिंतींवरून फिरायचा तसाच. मग थांबला. मी कान तोंडाशी नेला.

"सिमिटच हाय, बाई," ते म्हणाले.

नाही मामंजी, भुई आहे, भुई आहे, असं मी मोठ्यानं म्हणत राहिले. त्यांनी ऐकलं असेल तरी त्यांना ते पटलं नाही. ज्या माणसानं जन्मभर हातानं पारखून घेतलं, त्याला शब्दांनी फसवता येत नाही.

माणसं त्यांना घेऊन गेल्यावर मी कोपरा धुवायला घेतला. एक बादली पाणी टाकलं तशी सगळी माती सुटली, मोरीतून मागच्या नालीत गेली. खालची फरशी पहिल्या दिवशी होती तशी निघाली. माझ्या मदतीला आलेली शेजारीण, आमच्याच भागातली, खराटा भिंतीला टेकवत म्हणाली, "पक्क्या घराचं हे एक बरं असते, बाई. काही राहत नाही मागं."