रशिदाबाईंची पडायची शाळा

पैलवानांच्या गावात पोरांना पडायला शिकवणं म्हणजे देवळात बसून देवाची थट्टा. रशिदाबाईंनी ती उचगावात, तालमीच्याच पडवीत बसून केली, आणि मी त्यांची बालवाडीतली मदतनीस म्हणून खदाखदा हसत साथ दिली.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. त्या पडवीत भरणाऱ्या आमच्या बालवाडीतली पोरं म्हणजे नुसता अर्क. जरा पाठ वळली की लागली एकमेकांना धोबीपछाड मारायला, तीही शहाबादी फरशीवर. टेंगूळ नसलेलं डोकं शोधून सापडायचं नाही. आणि पोटात काय, तर चहात बुडवलेलं बेकरीतलं बटर.

रशिदाबाई कोडोलीच्या, बाबालाल पैलवानांची लेक. लहानपणी चिंचेवरून सारख्या पडायच्या. झाडावर चढू नको म्हणून सांगून बाप थकला, आणि शेवटी त्याने लेकीला पडायचं कसं तेच शिकवलं. इथेही बाईंनी कुस्ती बंद केली नाही. पोत्यांत भाताचं पिंजर भरून गाद्या केल्या आणि पोरांना ओळीने पाडायला घेतलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मातीला! पोरं घोकायची आणि धपाधप पडायची. पडून जो आपला आपण उठेल त्याला मूठभर मोडाची मटकी आणि गुळाचा खडा. त्याचं नाव खुराक. मग काय विचारता, पोरं घरच्या चहाला नाकं मुरडायला लागली. शेजारच्या आकारामचा नातू तर पाहुण्यांसमोर उंबऱ्यात मुद्दाम पडला आणि आईकडे मटकी मागत बसला.

हे हंबीरराव वस्तादांच्या कानावर गेलं. तालीम त्यांची, पडवीही त्यांची. माणूस लालबुंद होऊन आला. आमच्या तालमीत पाडायला शिकवतात, पडायला शिकलेलं पोर जन्मभर हरत राहील, म्हणाला. धडा बंद करा, नाहीतर सोमवारी पडवी रिकामी. गावात दुसरी जागा नव्हती. पडवी गेली की बालवाडी गेली. रशिदाबाईंनी ऐकून घेतलं आणि धडा तसाच चालू ठेवला.

सोमवारी वस्ताद गाद्या बाहेर फेकायलाच आले. मटकी धुतलेलं पाणी फरशीवरून वाहत होतं. त्यात त्यांचा पाय पडला आणि एवढा मोठा देह निघाला की मागे. "वस्ताद, हनुवटी!" पोरं ओरडली. बघते तर मान आत, पाठ गोल, दोन्ही तळवे चापट फरशीवर. असं देखणं पडणं मी पुन्हा पाहिलं नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

चार वर्षांची चिमणा मूठभर मटकी घेऊन पुढे झाली. वस्तादांनी पडल्या पडल्याच हात पसरला. तिने मूठ मागे घेतली.

"उठल्याबिगर मिळत न्हाय," ती म्हणाली.

वस्ताद उठले. गप मटकी खाल्ली, वर गूळही मागून घेतला. तुम्हाला हे पडणं कुणी शिकवलं, असं रशिदाबाईंनी हळूच विचारलं.

"आमच्या वस्तादांनी. समद्यात आधी त्येच शिकवलं हुतं. इसरलोच की."

आखाड्याची तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मळलेली असते. तिला बाईमाणसाचा हात लागू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी तीच माती पाट्या भरभरून स्वतःच्या डोक्यावरून आणली आणि पडवीपुढे ओतली. आम्ही दोघी लांब उभ्या होतो.

"बघताय काय? हात घाला, बाई," ते म्हणाले. "ढेकळं फोडा. पोरांस्नी लागतील."