नमुना क्रमांक तीन

आमच्या शिवण मंडळात काजमावशींना सगळे ओळखतात. शहरातल्या मोठ्या शिंप्याच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षं हाताने काजं केली. मापं आणि कापणी बाहेर, गिऱ्हाइकासमोर. काजं मात्र मागच्या खोलीत. गिऱ्हाईक कोट घालून आरशात बघे, खूश होऊन जाई. बटण ज्या फटीतून जातं ती कुणी केली, हे कधी कुणी विचारलं नाही. नवरा लवकर गेला. दोन मुली त्या सुईवरच वाढल्या आणि लग्न होऊन दूर गेल्या.

मी मंडळाचा चिटणीस. मला सुईत दोराही ओवता येत नाही. बायको सभासद आहे आणि माझं अक्षर बरं आहे, एवढ्यावर अकरा वर्षं पदाला चिकटून आहे. दरवर्षी दोन दिवसांच्या कार्यशाळेला शिकवायला आम्ही एक बाई बोलावतो. निवड इच्छुक बायकांनी पाठवलेल्या नमुन्यावरून होते. पाकिटावर नाव नसतं, मी फक्त क्रमांक टाकतो, आणि सभासद आधी कापडाची उलटी बाजू बघतात. हा नियम मावशींनीच आणला. त्याआधी वशिल्याने कुणीही यायचं.

यंदाचा विषय होता हाताची काजं. जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या कचेरीत आल्या आणि टेबलावर पाकीट ठेवलं.

“यावर क्रमांक टाका, चिटणीस. सभासदाला बंदी नाही ना?”

मी नियमावली काढून पाहिली. बंदी नव्हती.

“पण मावशी, तुम्ही नुसतं म्हणालात तरी सगळ्या हो म्हणतील. नमुना कशाला?”

“म्हणूनच कुणाला सांगायचं नाही.” त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. “एकदा वीस बायकांसमोर शिकवायचंय मला. मी दुकानात काय करत होते, ते माझ्या मुलींनीही कधी बघितलं नाही. आता हात चालतायत तोवर.”

मी नमुना पाहिला. मला सगळी काजं सारखीच दिसतात.

“तुमचंच येणार,” मी छातीठोकपणे सांगितलं. मावशी चक्क लाजल्या.

रविवारी पाच नमुने खिडकीपाशी उलटे मांडले. पडदे शिवणारी आमची एक सभासद तोंडाने फटकळ आहे. तिने तीन क्रमांक उचलला.

“हे काय, उंदराने कुरतडलंय? या बाईंना बोलवा जरूर, पण पहिल्या रांगेत शिकायला बसवा.”

सगळ्या हसल्या. मी मान वर केली नाही. तो नमुना मावशींचा होता.

“मावशी, तुम्ही बघा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

मावशींनी कापड डोळ्यांजवळ नेलं. टाक्यांवरून नख फिरवलं. मग शेजारचा पाच क्रमांक घेतला, त्यावरून फिरवलं. पुन्हा तीन.

“बरोबर बोलतेय ही,” त्या म्हणाल्या. “टाके एका उंचीचे नाहीत. हात थरथरतोय बाईचा. हिला नको बोलवायला.”

त्यांचं मत पाचला गेलं. मी तसं लिहून घेतलं.

बायका गेल्यावर मावशी मागे राहिल्या.

“अध्यक्षबाईंशी बोलू का?” मी विचारलं. “पाचला बोलावण्याचं पत्र अजून गेलेलं नाही.”

“काय बोलणार? म्हातारीला वाईट वाटेल, म्हणून टाके सरळ समजा?”

नमुना मी पाकिटात घालून त्यांना दिला. त्यांनी तो पिशवीत तळाशी सारला आणि दारापर्यंत जाऊन परत फिरल्या.

“पत्रात एक लिहा. शिकवणाऱ्या बाईंची खुर्ची दुसऱ्या खिडकीपाशी ठेवू म्हणावं. तिथे उजेड डावीकडून येतो, हाताची सावली कापडावर पडत नाही. आणि बायका अर्धगोलात बसवा. मागच्या बाईलाही सुई दिसली पाहिजे.”

हे सगळं त्यांनी किती दिवस मनात मांडून ठेवलं असेल, हे मला लिहिताना कळलं. मी शब्द न शब्द उतरवून घेतला.

कार्यशाळा चांगली झाली. पाहुण्या बाई निघताना म्हणाल्या, “मी खूप ठिकाणी शिकवलंय, पण बैठक इतकी नेमकी कुठेच नव्हती. कुणी मांडली?”

“आमच्या एक सभासद आहेत,” मी म्हणालो. “दोन्ही दिवस आल्या नाहीत.”