न जोडलेला पाळणा

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा बायकोनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "या वेळी आधी काही आणू नका." मी हो म्हणालो.

पहिल्या वेळी मी आणलं होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. कचेरीत तेव्हा बसायलाही पुरेसं काही नव्हतं. उस्मानाबादहून आलेले दप्तरांचे गठ्ठे जमिनीवर पडलेले असायचे आणि आम्ही त्याच गठ्ठ्यांवर बसून लिहायचो. मग टेबलं-खुर्च्या आल्या. मला खुर्ची मिळाली त्या दिवशी मी बायकोला घरी येऊन मुद्दाम सांगितलं होतं. सामान आलं म्हणजे आता सगळं पक्कं झालं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं असावं. सहावा महिना लागला तसा मी बाजारातून मच्छरदाणीचा लोखंडी पाळणा आणून खोलीत उभा केला.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. पाळणा पुढं महिनाभर तसाच होता. बायको त्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायची. एक दिवस ती बाहेर गेलेली असताना मी तो दुकानात परत देऊन आलो. तिनं विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही.

म्हणून हो म्हणालो. पण आमची खोली डोळ्यांसमोर होती. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. टँकर चार दिवसांनी यायचा, म्हणून खोलीत पाण्याची दोन पिंपं भरून ठेवलेली. त्या ओलाव्याला विंचू यायचे. दोन मी स्वतः मारले होते. बाळाला खाली निजवणं शक्य नव्हतं. झोळी बांधावी म्हटलं तर वर लाकडाचं आडवं काहीच नव्हतं. पत्र्याखालचे लोखंडी अँगल दुपारी हात लावू देत नसत. घोड्यावरचा, म्हणजे आपल्या पायांवर उभा राहणारा पाळणाच पाहिजे होता. बाळ झाल्यावर बघू, असं मी मनाशी म्हणत होतो.

बायको बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी गेली आणि पंधरा दिवसांत सासऱ्यांचं कार्ड आलं. त्यांचं नांदेडात छोटं किराणा दुकान. त्यांनी लिहिलं होतं की ओळखीच्या मिस्त्रीकडं जुन्या सागवानी दारांचा केलेला पाळणा तयार आहे. दुष्काळानं त्याला कामच राहिलेलं नाही, आठ दिवसांत तो हैदराबादला चालला आहे, म्हणून निम्म्या किमतीत देतो म्हणतो. शेवटी लिहिलं होतं, "आईंना घेऊन या. मुलीला कळवू नये."

माझी आई अहमदपूरजवळच्या खेड्यात राहायची. मी तिला निरोप पाठवला, आणि खरं सांगायचं तर ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. होण्याआधी बाळाचं काही घरात आणायचं नाही, हे तिच्याच तोंडून मी लहानपणापासून ऐकलं होतं. ती नाही म्हणाली की माझा शब्दही राहील आणि सासऱ्यांचाही मान राहील, असा माझा हिशेब होता. पण 'येते' असा तिचा उलट निरोप आला.

लातूर-नांदेड गाडी अहमदपूरच्या स्टँडवर लागली तेव्हा आई उभीच होती. पायाशी कापडी पिशवी. मी पिशवी उचलायला गेलो तर हात खाली ओढला गेला.

"काय आहे यात?"

"वरवंटा."

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "मावशी, मसाला वाटायला नांदेडात दगड मिळंना व्हय?"

"मिळतो की. पर घरचा बरा आसतो," आई म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात, त्याला टोपडं घालतात, हे मला ठाऊक होतं. पण अजून बाळाचाच पत्ता नव्हता. मी तसं म्हणालो.

"रिकामा पाळणा हालवायचा नसतो," आई म्हणाली. "आन् हालवून बघितल्याबिगर घ्यायचा कसा?"

"पण मुळात आधी घ्यायचाच नसतो ना?"

आई बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, करपलेली रानं होती. मग म्हणाली, "तुझ्या आधीची पोर मी भुईवरच निजवली हुती. वाकळंत विंचू निघाला." एवढंच. मला एक मोठी बहीण होती हे मी जाणून होतो. ती कशानं गेली हे मला त्या दिवशी, त्या गाडीत कळलं. मी खिशातून पाळण्याच्या मापांचा कागद काढला होता, पिंपं आणि बाज सोडून किती जागा उरते ते लिहिलेला. तो परत खिशात ठेवला.

सासरे नांदेडच्या स्टँडवर घ्यायला आले होते. "शरणार्थ, इवाई," आई आमच्या लिंगायती रीतीनं व्याह्यांना म्हणाली. "शरणार्थ, शरणार्थ," त्यांनी हात जोडले आणि पिशवी घ्यायला गेले. त्यांचाही हात खाली ओढला गेला.

वाटेत एक मोठं फर्निचरचं दुकान होतं. मी म्हणालो, आधी इथलाही भाव बघू. दारातच निळा रंग दिलेला नळीचा पाळणा होता. आईनं पदरानं वरवंटा पुसला, त्याला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला आणि तो पाळण्यात निजवला. दुकानदार धावत आला.

"ओ मावशी, दगड कशाला टाकून राहिलाय?"

"तुम्ही लेकरू द्या, ते टाकते."

तिनं एकदा हलवलं. पाळणा कुरकुरला आणि वरवंटा घसरत एका कडेला गेला. आईनं तो उचलून घेतला. सासरे दुकानदाराला म्हणाले, "रंग लई चांगला हाय," आणि आम्ही बाहेर पडलो.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एका गल्लीतली शेड. हत्यारं पोत्यात बांधून झालेली होती. पाळणा कोपऱ्यात उभा, गडद तपकिरी, एका फळीवर जुन्या कडीची खूण राहिलेली. पुन्हा वरवंटा निजला. आईनं हलवलं. आवाज नाही. हात काढल्यावरही तो बराच वेळ झुलत राहिला, आणि आम्ही तिघं मोठी माणसं व एक मिस्त्री त्या गुंडाळलेल्या दगडाकडं बघत उभे राहिलो.

"हे दार साठ वर्षं पावसात उभं होतं, मावशी," मिस्त्री म्हणाला. "आता लाकूड वाकणार न्हाई."

सासऱ्यांनी भाव अजून थोडा उतरवला. मिस्त्री म्हणाला, शेटजी, हैदराबादचं भाडं तरी सुटू द्या. तेव्हा ते थांबले. अखेर मी बोललो, "मी तिला शब्द दिलाय. आधी काही आणणार नाही म्हणून."

सासरे ओशाळले. मुलीनं असं काही मागितलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला अचानक दाखवून खूश करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आईनं मिस्त्रीला विचारलं, "हे सुटतं का?"

"चार खुंट्या काढल्या की सगळं सुटतं."

"मग काढा."

त्यानं लाकडी हातोडीनं चार खुंट्या ठोकून काढल्या. घोडे वेगळे, दांडी वेगळी, फळ्या वेगळ्या झाल्या. आईनं खुंट्या रुमालात बांधल्या आणि कनवटीला खोचल्या. "इवाई, लाकूड तुमच्या दुकानात ऱ्हाऊ द्या. खुंट्या माझ्यापाशी. ह्याला आता पाळणा कोण म्हनंल?"

सासरे पहिल्यांदा हसले. "लाकूडच हाय हे. सरपणाचं म्हणून ठेवतो."

मलाही ते त्या वेळी पटलं. पण सासऱ्यांच्या घरी पोचलो, बायकोनं दारातच आईला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आज आईंना घेऊन कसं काय?" तेव्हा मी वहाणा काढायला खाली वाकलो. चहा झाल्यावर ती ओसरीवर डाळ निवडत बसली. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कार्डापासून खुंट्यांपर्यंत. आणि गेल्या वेळचा पाळणा मी न विचारता परत दिला होता, तेही.

ती डाळ निवडतच राहिली. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "तो नेला ते बरं केलं. मला सांगता येत नव्हतं." मग विचारलं, "हा जोडलाय?"

"नाही. खुंट्या आईकडे आहेत."

ती कमरेवर हात ठेवून उठली, आत जाऊन तिनं ट्रंक उघडली. बाहेर आली ती हातात दुपटं घेऊन. वर तिच्या लग्नातल्या साडीचा काठ, आत मऊ जुनं पातळ. तीन बाजू बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या, चौथी मोकळी होती.

"पाचव्या महिन्यापासून शिवतेय," ती म्हणाली. "चौथी बाजू मुद्दाम ठेवलीय."

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "अगं, मग माज्या लेकाला कशाला शपथा घातल्या?" असं म्हणून ती आत गेली. बायको हसली, मग डोळे पुसले, मग परत डाळ घेऊन बसली.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी सकाळी आई अहमदपूरच्या गाडीनं नांदेडला आली, एका हातात वरवंट्याची पिशवी आणि कनवटीला तो रुमाल. सासऱ्यांनी दुकानातून लाकडं आणली आणि ओसरीवर स्वतःच जोडायला बसले. पहिली खुंटी उलटी घातली, ती काढली, परत घातली. आतून बायकोनं वडिलांना आवाज दिला, "दादा, हळू ठोका, आत्ताच निजलीय."

ते हळू ठोकू लागले. मला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. मी आत गेलो. बायको बाजेवर बसून दुपट्याची चौथी बाजू शिवायला बघत होती. सुईत दोरा जात नव्हता. मी सुई घेतली, उजेडाकडं धरली आणि दोरा ओवून दिला.