कचरूचं गायरान

कचरू एके काळी साऱ्या गावाची गुरं राखायचा. दिवस उगवला की घराघरातून गुरं सुटायची, वेशीपाशी गोळा व्हायची आणि तो त्यांना मांजरसुंब्याच्या वाटेवरच्या गायरानात न्यायचा. सुगीला घरटी ज्वारी मिळायची. कुणाची गाय गाभण, कुणाचा गोऱ्हा मारका, हे मालकाच्या आधी त्याला कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळात निम्मी गुरं बाजारात गेली. सरकारी कामावर तलाव झाला, त्यात गायरानाची गवताळ, खोलगट बाजू बुडाली. त्या तलावाची माती कचरूनंही वाहिली होती. पुढं सहकारी कारखाना उभा राहिला, तलावाखाली ऊस आला, चराऊ बांध नांगरले गेले. ट्रॅक्टर आले, बैल गेले. राहिल्या त्या डेअरीला दूध घालायच्या गाई, त्या लोकांनी दारातच बांधल्या. गुरं सोडायची न्हाईत, असं कुणी ठरवलं नव्हतं. एकेक करून कमी होत गेली. एका सकाळी कचरू वेशीपाशी उन्हं चढेपर्यंत थांबला. एकही जनावर आलं नाही, तेव्हा घरी आला.

बायको पारूबाई वारली. मुलगा उत्तरेश्वर आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. मधले महिने कचरू भाकरी थापायचा आणि भिंतीकडं तोंड करून खायचा.

दोन हजार तेराला तलाव ठणठणीत कोरडा पडला आणि उरल्यासुरल्या गायरानात चारा छावणी उघडली. चार-पाचशे जनावरं आली. कचरू धुतलेला सदरा घालून तिथं गेला. दावणीच्या टोकाला उभं राहून त्यानं जुन्या सवयीनं लांबलचक हाळी दिली. एकाही जनावरानं मान वर केली नाही. सगळी उसाचं वाढं चघळत राहिली.

दोन गाई आणि एक कालवड घेऊन छावणीत राहिलेली सुंदरबाई शेजारीच शेण भरत होती. ती म्हणाली, "मामा, ही दावणीवर जन्मलेली. ह्यांना रान ठावं न्हाई."

तिला त्याची कीव आली असावी. दुसऱ्या दिवशी तिनं आपली कालवड दावणीची सोडून त्याच्या हाती दिली. तो कालवडीला डोंगराच्या कडेला घेऊन गेला. पाणी नसलेली माळरानं प्लॉटवाल्यांनी दगड रोवून आखली होती. त्या दगडांमधून वाळकं कुसळाचं गवत उभं होतं. कचरूनं मूठभर उपटून तिच्या तोंडापुढं धरलं. तिनं हुंगलं, तोंड फिरवलं. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला तशी बुजली.

"खा की गं," तो हळूच म्हणाला. "हे बी खायाचंच हाय."

दुपार कलायच्या आत कालवड वळली आणि न हाकता छावणीची वाट धरून चालू लागली. कचरूनं तिला अडवलं नाही. ती दावणीला पोचल्याचं लांबून दिसलं, तेव्हा तो एका प्लॉटच्या दगडावर बसला आणि तिथंच बराच वेळ बसून राहिला.