एक सरकारी, एक बाजारी

आमच्या भाऊजींना कपड्यातलं जेवढं कळतं तेवढंच कळलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नाही. त्यांना देशही कळायचे. कुठल्या देशाला किती पदकं, ती का मिळाली, तिथलं सरकार काय करतं, तिथल्या कंपन्या काय करतात, सगळं तोंडपाठ. मशीनवर पाय चालायला लागला की तोंडही चालू. गिऱ्हाईक पँटची उंची कमी करून घ्यायला यायचं आणि जगाची अर्थव्यवस्था ऐकून घरी जायचं. पँट तशीच राहायची.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले शिंपी. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहते आणि दुकानात तुरपाई, काज-बटणं करते. म्हणून सांगते ते ऐकीव नाही. माणूस वाईट नाही हो. कारागीर तर असा की कापडावर खडू फिरवला की पुन्हा पुसायचं काम नाही. गळ्यात टेप कायमची; जेवायला बसतानासुद्धा ताईला सांगावं लागायचं, अहो, ती काढा आधी, आमटीत बुडेल. पण बोलायला लागले की उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुकान अरुंद आणि लांबोडकं. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीन, आणि दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर एक जुना टीव्ही. ऑलिंपिकच्या वर्षी तो बंद म्हणून व्हायचा नाही. समोरचे औषधवाले आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, हे दोघं ठरलेले श्रोते. भाऊजींचा सिद्धांत असा, की जगात देश दोनच जातीचे, एक सरकारी, एक बाजारी. सरकारी देशात पोर जरा कळतं झालं की सरकार येतं, हातपाय मोजतं, तू पोहायचं, तू उड्या मारायच्या असं ठरवतं. मग दूध, बूट, शाळा, औषधपाणी, सगळं सरकारकडे. बाजारी देशात कुणी कुणाला विचारत नाही. ज्याच्या अंगात धमक तो स्वतःच्या हिमतीवर वर येतो आणि आला की कंपन्या थैल्या घेऊन दारात. बँकवाले काका मुद्दाम काडी घालायचे. म्हणायचे, मग त्या चिमुकल्या बेटाचं काय, ना सरकारकडे पैसा ना बाजारात, तरी धावण्यात सगळ्यांना धूळ चारतात ते? भाऊजी म्हणायचे, अपवाद. अडचणीत आले की सगळे देश अपवाद व्हायचे.

त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे तो दुभंगलेला देश. एकच भाषा, एकच रक्त, मधे भिंत. इकडे बाजार, तिकडे सरकार. आणि तिकडच्या इवल्याशा तुकड्यानं पदकांचा ढीग लावला. औषधवाले एकदा म्हणाले, अहो, त्या पोरांना न विचारता औषधं टोचली होती, पुढे जन्मभर भोगलं त्यांनी. भाऊजींनी दोरा तोंडात धरून ओला केला, सुईत ओवला आणि विचारलं, पण पदकं आली की नाही? यावर काय बोलणार, कपाळ!

आता खरी गोष्ट. भाऊजींना जुळी. मुलगा थोडा आधी आला म्हणून तो थोरला, मुलगी मागून आली म्हणून ती धाकटी. दोघं शाळेतून आली की दुकानातच दप्तरं टाकायची. अशाच एका संध्याकाळी काका हसत म्हणाले, अहो, तुमचा दुभंगलेला देश तर तुमच्याच घरात आहे, एक रक्त, एक भाषा, बघा प्रयोग करून. झालं. आयतं कोलीत हातात मिळालं. भाऊजींनी दोघांना टेबलापुढे उभं केलं आणि मापं घेतली, शास्त्रशुद्ध म्हणे. हात, खांदा, हात, तिन्हींची बेरीज, पोहणाऱ्याला लांब हात लागतात म्हणून. थोरल्याच्या हातांचा पसारा धाकटीपेक्षा जास्त भरला. लगेच निकाल जाहीर, थोरला सरकारी आणि धाकटी बाजारी. थोरल्याला पोहायला घालायचं, त्याचं सगळं घर बघणार. धाकटीनं स्वतःच्या हिमतीवर यायचं. सगळे खो खो हसले. मीही हसले. धाकटीनं तर टाळ्या वाजवल्या.

मस्करीची कुस्करी कशी होते ते मी त्या घरात बघितलं. दुसऱ्या दिवसापासून थोरल्याला दुधाचा मोठा पेला, दोन अंडी, तलावाचा पास, मास्तरांची शिकवणी, पोहायचा चष्मा. धाकटीला जेवण, शाळा, वह्या-पुस्तकं होती, ते कमी नाही पडलं, उगाच खोटं का बोलू. पण त्यापलीकडे काही मागितलं की भाऊजी डोळे मिचकावून म्हणायचे, बाजारात जा. म्हणजे माझ्या शेजारी बसून बटणं लाव आणि कमव. दर माझाच तिलाही. अन्याय नको म्हणे! केसांचा रबर हवा, लाव बटणं. सहलीला जायचंय, लाव बटणं. ताई एकदोनदा तडकली, पोरगी आहे की कामवाली, म्हणून. भाऊजी म्हणाले, अगं, गंमत आहे, आणि बघ किती हुशार झालीय. तीच तर पंचाईत होती. पोरगी खरंच हुशार झाली. कधी तोंड वाकडं केलं नाही, रडली नाही, त्यामुळे सगळं बरोबरच चाललंय असं वाटायचं. ताई तिच्या चहात चोरून दूध जास्त घालायची आणि भाऊजी बघून न बघितल्यासारखं करायचे.

थोरला गोड पोरगा. पण पाण्याचं आणि त्याचं वाकडं. सकाळी तलावावर जायचं म्हणजे त्याच्या पोटात दुखायचं. त्याला घेऊन जायचं काम धाकटीकडे. तिथे बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की पोहायच्या कपड्यांचे पट्टे, इलॅस्टिक सारखं तुटतं आणि ते शिवून द्यायला कुणी नसतं. लागली शिवायला. तलावाच्या मास्तरांनी पैशाऐवजी तिला पाण्यात उतरू दिलं, मुलींच्या वेळेत, कडेच्या पट्ट्यात. भाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, बघा, याला म्हणतात बाजार! ती पोहते कशी, हे बघायला मात्र ते एकदाही गेले नाहीत. थोरल्याचं पोहणं बघायला दर आठवड्याला दुकान बंद.

मग ती निवड आली. सरकारच्या जलतरण केंद्राचे एक मोठे प्रशिक्षक आमच्या तलावावर येणार होते. तिथे निवासी शाळा, खाणं, कपडे, शिकवणं, सगळं फुकट. आमच्या तलावावरून एकच मूल घेणार, आणि आमच्या जुळ्यांच्या वयाला ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय निघून जाणार. भाऊजींनी थोरल्याचं नाव दिलं. मास्तरांनी विचारलं होतं, धाकटीचं? भाऊजी हसून म्हणाले, ती बाजारी आहे हो.

त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यातली टेप काढायला विसरले होते. तलावाच्या भिंतीवर रंगानं आखलेली पट्टी होती. मुलं भिंतीला पाठ लावून हात पसरत आणि प्रशिक्षक बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत आकडा वाचत. थोरल्याचा आकडा वाचला, तो भाऊजींच्या हिशोबापेक्षा बराच कमी, आणि भाऊजी उठलेच. चुकलंय म्हणाले. प्रशिक्षकांनी पुन्हा मोजलं, तोच आकडा. मग भाऊजींचा आवाज चढला. मला मापं शिकवता, उभा जन्म माणसं मोजण्यात गेला माझा, तुमची भिंतच वाकडी असेल. ताई पदराआडून म्हणाली, अहो, बसा. ते कसले बसतात! गळ्यातली टेप काढली आणि सगळ्या पालकांसमोर स्वतः मोजायला लागले. आकडा तोच आला. पुन्हा मोजलं. तोच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मला आधी कळलं. शिंपी मुलाच्या बाहीचं माप घेतो ते मनगटाच्या खाली, थेट बोटांच्या पेरापर्यंत, वर वाढत्या अंगाचं म्हणून जास्तीचं धरतो, कारण मुलाचा सदरा दोन वर्षं पुरायला हवा. मुलीचं माप घेतो ते मनगटाच्या हाडापाशी थांबून, अगदी बेतास बात. हाताला वळणच तसं पडलेलं असतं. त्या संध्याकाळी टेबलापुढे भाऊजींनी जगातल्या सगळ्या सरकारांच्या वतीनं दोन बाह्या मोजल्या होत्या, एक सैल आणि एक घट्ट. त्यांनाही ते तिथेच उमगलं असावं, कारण टेप त्यांनी गळ्यात न घालता गुंडाळून खिशात टाकली.

थोरला पाण्यात उतरला आणि सगळ्यांच्या मागून पोहोचला. बाहेर आला तेव्हा बिचाऱ्याच्या तोंडावर सुटका झाल्याचं समाधान होतं. तेवढ्यात आमच्या तलावाचे मास्तर प्रशिक्षकांच्या कानाशी लागले. धाकटी पायरीवर बसून कुणाचा तरी पट्टा शिवत होती. तिला उठवली, भिंतीशी उभी केली. तिची बोटं भावाच्या खुणेच्या पुढे गेली, चांगली पुढे. मास्तरांच्या सांगण्यावरून तिला पाण्यात सोडली. मला पोहण्यातलं काय कळतं, पण तिच्या शेजारच्या पट्ट्यातली पोरं पाणी उडवत होती आणि ही नुसती पुढे जात होती. प्रशिक्षकांनी हातातलं घड्याळ बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, हिला घेतो.

धाकटी ओल्या केसांनी आमच्यासमोर उभी राहिली. प्रशिक्षकांनी तिला सगळं समजावून सांगितलं, राहणं, खाणं, कपडे, शाळा, काही द्यावं लागणार नाही. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"सगळं फुकट?"

"सगळं."

"मग दादाला घ्या ना सर. फुकटचं असेल तर ते त्याचं. आमच्या घरी तसंच आहे."

रागानं नाही, रडून नाही. बसमध्ये चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसल्यावर माणूस उठून जागा देतो, तसं म्हणाली. प्रशिक्षकांना काही कळेना, ते भाऊजींकडे बघायला लागले. मास्तर बघायला लागले. बाकीचे पालक बघायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण त्या संध्याकाळी टेबलापाशी मीही दात काढले होते. भाऊजी खिशातली टेप काढून पुन्हा गुंडाळायला लागले. शेवटी ताई पुढे झाली. अख्ख्या संसारात चारचौघांत न बोललेली बाई म्हणाली, "पोरीचं नाव लिहा. हिचंच लिहा." थोरल्यानं टॉवेलातून मान बाहेर काढून जोरात हो म्हटलं.

धाकटी गेली. दुकानातला टीव्ही तेव्हापासून बंद आहे. बँकवाले काका येतात, एखादा देश पुढे टाकून बघतात, पण भाऊजी मान खाली घालून शिवत राहतात. परवा काका म्हणाले, काय हो, अमक्या देशानं एवढी पदकं मिळवली, वाचलंत का? भाऊजी म्हणाले, त्यांना विचारा, त्यांच्या पोरींनी किती बटणं लावली. काका चपला घालून निघून गेले.

मागच्या महिन्यात भाऊजी धाकटीला भेटायला एकटेच गेले. त्याआधी आठवडाभर एक ट्रॅकसूट शिवत होते. आतून मऊ अस्तर, चेन भारीतली, बाह्या उसवून पुन्हा लावल्या. या वेळी वाढत्या अंगाचं धरलं होतं. दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावला नाही, गिऱ्हाइकं बोंबलत परत गेली.

परत आले ते थेट मशीनपाशी येऊन बसले, दिवाही लावला नाही. मी चहा नेऊन ठेवला आणि विचारलं, बसला का अंगाला? म्हणाले, बसला, छान बसला, तिथल्या तिथे घालून आरशासमोर फिरली, मैत्रिणींना दाखवून आली. मग म्हणे त्यांच्याजवळ येऊन बसली, पिशवीतून आपलं छोटं पाकीट काढलं आणि म्हणाली, "किती झाले, बाबा?"

मला वाटलं पोरीनं टोमणा मारला. मारलाच पाहिजे, असंही वाटलं. तसं म्हणालेही मी. भाऊजींनी चहाला हात लावला नव्हता. दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून ते म्हणाले, "टोमणा असता तर चाललं असतं गं. ती खरंच विचारत होती."