दुखणं थांबल्याचे पेढे

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून वाशीला हलला आणि त्याच्यामागोमाग मीही. मी डॉक्टर, गोण्या वाहणाऱ्या माथाडींच्या कंबरदुखीवर माझं संशोधन चाललं होतं. चाललं होतं, असं आपलं म्हणायचं. सकाळभर गाळ्यागाळ्यांतून हिंडावं, धुळीने घसा बसावा, आणि ज्याला विचारावं त्याने कंबरेवर हात ठेवून सांगावं, "छ्या, मला काय हुतंय?" कुणी ताकास तूर लागू देत नसे. मला राग यायचा, पण दुपारनंतर रागवायचंही त्राण उरायचं नाही. संध्याकाळी बसच्या रांगेत माझीच कंबर ठणकायची. तिची दखल घ्यायला कुणी नव्हतं.

त्यांचंही खरं होतं. माथाडी एकट्याने काम करत नाही, टोळी करते, आणि मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जाते. आजारी पडलेल्याचा वाटासुद्धा टोळी त्याच्या घरी पोचवते. म्हणूनच तर कुणाला आजारी पडायचं नसतं.

एकाला मात्र ते लपवता आलं नाही. चाळिशीचा, साताऱ्याकडचा, अंगाने दणकट माणूस. पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली आणि त्याला पत्ताच नाही. मी त्याला बाजूला घेऊन तपासलं. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली जात होती. कंबरेपासून घोट्यापर्यंत कळ जायची, झोप उडाली होती आणि पाऊल वर उचलायची ताकद कमी होत चालली होती. पाऊल लुळं पडलं की फळी चढणं संपलं, आणि ते संपलं की माथाडीकाम संपलं. हे मी त्याला आणि त्याच्या मुकादमाला स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन करून घ्या, असं मी म्हणाले.

मणक्याचं ऑपरेशन म्हणजे जन्माची खाट, हे टोळीत सगळ्यांना पाठ होतं. शेवटी त्यानेच तोड काढली. "आदी आराम करतो, तुमचा व्यायाम करतो. कळ न्हाय थांबली तर आपरेशन. शबूद देतो, बाई."

"कळ राहू द्या, पावलाकडे लक्ष ठेवा," मी म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी कडक फळीवर पडून राहून, पोटावर झोपून छाती उचलायचे व्यायाम करून त्याला उतार पडू लागला. पण घरी बसून वाटा घ्यायची त्याला लाज वाटे, म्हणून टोळीने मायेने त्याला हलकं काम दिलं. मी गेले तर हा जमिनीवर मांडी घालून, पाठीची पार कमान करून, फाटक्या गोण्या दाभणाने शिवत बसलेला. मी मुकादमावर ओरडले. वाकायचं नाही, असं सांगितलं होतं ना?

"वाकतोय कुटं?" मुकादमाला वाईट वाटलं होतं. "बसूनच तर हाय. वझं उचलू देत न्हाय आमी त्येला."

त्यांच्या लेखी दुखणं ओझ्याने येतं. ज्याच्या डोक्यावर काही नाही तो आरामातच असणार. वाकून बसल्याने गादीवर केवढा ताण येतो, हे मी घसा फोडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या बुडाखाली एक गोणपाट घडी करून सरकवलं. मी हात टेकले.

पुढच्या आठवड्यात गेले तर टोळी गाळ्यापुढे जमलेली, आणि याच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"कळ गेली, बाई. एका राती गेली. लई दिसांनी गाढ झोपलो."

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. हे एका रात्रीत गेलं होतं. मी त्याला टाचांवर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायाचा चवडा वर आला. उजवा जमिनीवरच राहिला. त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसला.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, की शीर मरत चालली आहे, म्हणून ती गप्प झाली. आजच्या आज दाखल झालात तर पाऊल वाचेल कदाचित, उद्याचं सांगता येत नाही. बोलताना माझा आवाज चिरकत होता. माणसांचं दुखणं घालवायला निघालेली मी, त्या घडीला मनापासून म्हणत होते, याची कळ परत येऊ दे.

कुणी वाद घातला नाही. चांगली माणसं होती. बाई दमल्यात, असं मुकादम कुणाला तरी हळूच म्हणाला.

"दुकत आसतं तर गेलो आसतो की, बाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "शबूद दिला हुता न्हवं?" आणि त्याने पुडा माझ्यापुढे धरला.